असं कुठे असतं का? लेआउटवर खोटी वाटतील अशी खरी रेल्वे ठिकाणं

रूळवेडा

मॉडेल रेल्वे करणाऱ्यांना एक टोमणा कायम ऐकावा लागतो. जागा कमी पडते म्हणून आपण इमारतीच्या पोटातून रूळ नेतो, नाहीतर पुलावरच गाडीला गिरकी मारायला लावतो, आणि लेआउट (मॉडेल रेल्वेची मांडणी) बघायला आलेला पाहुणा विचारतो, "असं कुठे असतं का हो?"

असतं ना! चीनमध्ये चोंगछिंगला लिझिबा नावाचं मोनोरेलचं स्थानक आहे, ते १९ मजली रहिवासी इमारतीच्या सहाव्या ते आठव्या मजल्यावर. गाडी एका भिंतीतून शिरते आणि दुसऱ्या भिंतीतून निघते. न्यूझीलंडमध्ये गिस्बोर्नला रूळ विमानतळाच्या धावपट्टीला आडवे छेदून जातात. स्वित्झर्लंडमध्ये ब्रुसिओला नऊ कमानींचा दगडी पूल आहे. तो पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच कमानीखालून मार्ग काढतो. यातलं काहीही मी सनबोर्डावर करून दाखवलं असतं तर तुम्हीच मला वेड्यात काढलं असतं.

माझ्याकडे भिंतीलगत आठ फूट लांब, दीड फूट रुंद फळी मोकळी आहे. तिच्यावर असंच एखादं अचाट पण खरं ठिकाण उभं करायचंय. सुचवा. अट एकच : नुसतं "बघा किती भारी" नको, ते तसं का झालं हेही सांगा. ब्रुसिओचा गोल शोभेसाठी नाही. तिथल्या बर्निना रेल्वेमार्गावर दातेरी रूळ नाहीत, चढ आधीच ७ टक्के, त्याहून तीव्र करणं शक्य नव्हतं. मग उंची कमी करायला लांबी वाढवली, आणि दरीत लांबीला जागा नाही म्हणून ती गोल गुंडाळली. हे कारण लेआउटवर दिसलं पाहिजे. सपाट फळीवर तोच पूल ठेवला तर तो जत्रेतला पाळणा दिसेल.

मिसळ_एक्सप्रेस

मस्त धागा. माझ्याकडून नवापूर. सुरत-भुसावळ मार्गावरचं स्थानक, महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द थेट फलाटावरून जाते. एक बाकडं असं आहे की अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, मधोमध रेघ मारलेली. नवरा-बायको शेजारी बसले तरी वेगवेगळ्या राज्यांत! कारण : १९६० साली राज्यं वेगळी झाली, स्थानक आधीपासून होतंच.

सांधेवाला

मिसळराव, फोटोसाठी ठीक आहे, पण यात रेल्वे कुठे आली? ती हद्द रुळाला माहीतही नाही. गाडी तशीच येते, तशीच जाते. बाकडं रंगवलं की संपलं मॉडेल.

हद्दच हवी असेल तर कॅसल रॉक घ्या. गोवा मुक्त होईपर्यंत ती दोन देशांची सीमा होती. वर कॅसल रॉकला ब्रिटिश हद्द संपायची, घाट उतरून कुळ्याला पोर्तुगीजांची जकात. गाडी थांबायची, सामान उघडायचं, दोन वेगळे गणवेश दिसायचे. तेव्हा मीटरगेज होतं, आणि मध्ये १:३७ चा चढ. हद्दीमुळे गाडीच्या वागण्यात फरक पडतो, म्हणून ते मॉडेलच्या कामाचं. वर दूधसागर आहेच. पण धबधबा करायच्या भानगडीत पडू नका, रेझिनचं पाणी नेहमी शाम्पूसारखं दिसतं.

गार्डीणबाई

दीड फूट रुंदी ऐकल्यावर मला एकच ठिकाण आठवलं, मुंबईचं सँडहर्स्ट रोड. रोज लाखो लोक जातात आणि कुणी मान वर करून बघत नाही. खाली मेन लाइन, डोक्यावर हार्बर लाइन, दोन्हीकडे स्वतंत्र फलाट, मध्ये जिने. कारण साधं आहे. हार्बर मार्ग व्हीटीपर्यंत आणायचा होता आणि डोंगरी-मशीद बंदरच्या त्या दाटीत आडवी जागा शिल्लकच नव्हती. मग रूळ वर चढवले. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती याच हार्बर मार्गाने.

मॉडेलच्या दृष्टीने यात एक लबाडी लपलीये. वरचा मार्ग खालच्या मार्गाचं छप्पर होतो. खालची गाडी फलाटात शिरली की अर्धी दिसेनाशी होते, त्यामुळे ती तीनच डब्यांची आहे हे कळत नाही. लोकलचे बारा डबे एचओ स्केलमध्ये (१:८७) केले तर जवळजवळ तीन मीटर होतात, तुमच्या आठ फुटांत मावणारच नाहीत. जिथे खरी रेल्वेच जागेसाठी भांडलेली असते, ती ठिकाणं आपल्याला बरी पडतात. आपलंही भांडण तेच आहे.

फक्त चाळींच्या गॅलऱ्या करायची तयारी ठेवा. वाळत घातलेल्या कपड्यांशिवाय सँडहर्स्ट रोड होत नाही.

रूळवेडा

गार्डीणबाई, लबाडी आवडली. यादीत वरचा नंबर.

घाटातला बँकर

आमच्या घाटाला विसरलात की काय? बोरघाटात १८६३ पासून १९२९ पर्यंत रिव्हर्सिंग स्टेशन होतं. कड्याच्या टोकाशी रूळ संपायचे. गाडी तिथे जाऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. त्या काळात कडा फोडून वळण काढणं परवडत नव्हतं म्हणून ही युक्ती. पुढे विजेवरची इंजिनं यायच्या सुमारास नव्या बोगद्यांतून मार्ग वळवला आणि ते स्टेशन बंद झालं.

फळीवर हे अप्रतिम बसतं. गोल फिरायचं वळणच नको! डावीकडून गाडी आली, थांबली, इंजिन बदललं, वरच्या रुळावरून परत डावीकडे गेली. आणि प्रत्येक फेरीला हाताला काम. नाहीतर गोल गोल फिरणारी गाडी बघून दहा मिनिटांत कंटाळा येतो.

शिवाय कॅच सायडिंग आहे. घाट उतरताना मुख्य मार्गातून एक फाटा चढावर जातो आणि तिथेच संपतो. सांधा मुळातच त्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे असं दिसल्यावरच तो मुख्य मार्गाकडे वळतो. ब्रेक गेलेली गाडी आपोआप चढावर जाऊन थांबावी म्हणून. पाहुण्याला दाखवा, "हा रूळ कुठेच जात नाही, आणि तेच त्याचं काम आहे."

बाकी, बँकर (घाटात गाडीला मागून रेटणारं इंजिन) जोडेपर्यंत कर्जतच्या फलाटावर वडे खाणारी माणसं बसवायला विसरू नका.

मिसळ_एक्सप्रेस

आणि घाटावर खेकडा चालवा!

घाटातला बँकर

अर्थात. नव्या लोकांसाठी : जीआयपीने (तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने) घाटातल्या मालगाड्यांसाठी १९२८ च्या आसपास आणलेलं विजेवरचं इंजिन ईएफ-१, नंतरचं नाव डब्ल्यूसीजी-१. मध्ये चौकोनी खोली, दोन्हीकडे लांब नाकं, चाकांना जोडणारे दांडे बाहेरून फिरताना दिसतात. उभी असताना कण्हल्यासारखा आवाज करायची. कर्मचारी तिला खेकडा म्हणायचे. स्विस क्रोकोडाइल या तशाच लांब नाकांच्या इंजिनाची ही चुलत बहीण. ती नाकं दिसायला विचित्र असली तरी घाटातल्या वळणांवर धड लवचीक राहावं म्हणूनच तशी आहेत. एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात बघायला मिळते.

बोगदा क्र. २

एक गंभीर मुद्दा. तुम्ही सगळे ब्रॉडगेजची ठिकाणं सुचवताय, पण हिशेब केलाय का? भारतीय ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे साधारण १७५ मीटर त्रिज्या. १:८७ ला भागलं की दोन मीटर! अख्खं वर्तुळ चार मीटर रुंद. बाजारात मिळणारं सेटमधलं छोटं वळण ३६० मिमी त्रिज्येचं असतं, म्हणजे प्रत्यक्षात ३१ मीटर. त्यावर राजधानी पळवणारे आपण दुसऱ्याला "असं कुठे असतं का" कुठल्या तोंडाने विचारणार?

आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. १६७६ मिमी भागिले ८७ म्हणजे १९.३ मिमी. आपण १६.५ मिमीच्या रुळावर चालवतो, कारण तो युरोपच्या १४३५ मिमीसाठी केलेला आणि तयार मिळतो. आपल्या सगळ्या भारतीय मॉडेलांच्या गाड्या रुळापेक्षा धष्टपुष्ट आहेत.

उलट अडीच फुटी नॅरोगेज बघा. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६. एचओहून लहान अशा एन स्केलचा रूळ ९ मिमी. पाव मिलिमीटरचा फरक! शकुंतला, बार्शी लाइट, नागपूर-छिंदवाडा ही सगळी मंडळी एन रुळावर १:८७ मध्ये जवळजवळ बिनचूक बसतात. आठ बाय दीडमध्ये प्रामाणिक राहायचं असेल तर उत्तर नॅरोगेज आहे.

नेरळवासी

मग माथेरान! १९०७, दोन फुटी, १:२० चा चढ, आणि अख्ख्या मार्गावर एकच बोगदा. जुनी ओरेनस्टाइन-कॉपेल इंजिनं आहेत त्यांच्या पुढच्या-मागच्या आसांमध्ये क्लिएन-लिंडनर पद्धत होती. आस पोकळ, त्यामुळे चाकं वळणावर बाजूला सरकू शकत. वळणं इतकी तीव्र की साधं इंजिन अडकलंच असतं. आपल्या छोट्या त्रिज्येची खरीखुरी सबब हवी असेल तर हीच.

बोगदा क्र. २

मान्य, पण दोन फूट म्हणजे १:८७ मध्ये ७ मिमी. तयार रूळ शोधत बसावं लागेल. करणारे ९ वर चालवून घेतात. मला खुपतं.

सांधेवाला

सगळं वाचतोय, आणि एक तिरका प्रश्न विचारतो. अचाटच कशाला? वर्षानुवर्षं बघितलेलं साधं स्टेशन हुबेहूब करणं जास्त कठीण आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, तिथे मुलांना उभं करून बघा. रोपवेकडे एकदा बघतात, पण फाटक बंद होऊन गाड्या थांबल्या की तिथून हलत नाहीत. अचाट गोष्टीचं नावीन्य एकदाच.

गार्डीणबाई

सांधेवाले काका, फाटकही अचाटच आहे की. आपल्याला रोजचं झालंय एवढंच. थायलंडच्या मेक्लाँगला रुळावरच बाजार भरतो. गाडी आली की छत्र्या मिटतात, टोपल्या इंचभर मागे सरकतात, ठेंगण्या टोपल्या तर तशाच राहतात आणि गाडी त्यांच्यावरून जाते. तिथल्या भाजीवालीला विचारा यात काय अचाट ते. त्याच मार्गाचे मुळात दोन तुकडे आहेत, मध्ये नदी. एका गाडीतून उतरायचं, बोटीने पलीकडे जायचं, दुसरी गाडी पकडायची.

एक वाचक

जर्मनीतल्या वुपर्टालच्या उलट्या टांगलेल्या रेल्वेतून १९५० साली हत्तीण खाली नदीत पडली होती. टुफी नाव. सर्कशीच्या जाहिरातीसाठी डब्यात चढवली होती, बिथरली आणि उडी मारली. वाचली. कारण विचाराल तर मार्ग टांगलेला का, तर अरुंद दरीत रस्ता आणि नदी यांनी जागा खाल्ली होती, म्हणून १९०१ साली नदीच्या डोक्यावरूनच नेला.

हत्तीण आत की बाहेर करायची ते तुम्ही ठरवा.

कुर्डुवाडीकर

बोगदासाहेबांनी बार्शी लाइटचं नाव काढलं म्हणून लिहायला बसलो.

जीआयपीचा मुख्य मार्ग बार्शीला वळसा घालून गेला. कापसाची, धान्याची एवढी मोठी पेठ रेल्वेपासून वीस-बावीस मैल लांब पडली. ब्रॉडगेजचा फाटा परवडणारा नव्हता. तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी गेजचा हट्ट धरला. त्याचा मुद्दा असा की गेज लहान म्हणजे गाडी खेळण्यातली असायची गरज नाही. इंजिन असो की वाघीण (मालडबा), कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळ चालतात आणि त्यावर लांब, दणकट वाघिणी पळवता येतात. रूळ वाचले की पैसे वाचले. १८९७ मध्ये मार्ग सुरू झाला. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज.

आता गंमत मिरजेची. पुण्याकडून ब्रॉडगेज १९७१ पर्यंत आलं, हुबळीकडचं मीटरगेज होतंच आणि आमचं नॅरोगेजही. एकाच जंक्शनात तिन्ही गेज! पोती एका वाघिणीतून दुसरीत वाहणारे हमाल, शेजारी शेजारी उभे तीन उंचींचे डबे. हे कुणी लेआउटवर केलं तर लोक म्हणतील, याला तीन वेगळ्या स्केलचे सेट भेट मिळालेले दिसतात. आता सगळं ब्रॉडगेज झालं.

रूळवेडा

मिरज! हे डोक्यातच आलं नव्हतं. पण तीन गेजचं यार्ड दीड फुटात? हमालांसाठीसुद्धा जागा उरणार नाही.

लीड्सवासी

कुर्डुवाडीकर, तुमच्या कॅलथ्रॉपची पुढची गोष्ट मी सांगतो, कारण ती आमच्या गल्लीतली आहे. बार्शीच्या वाघिणी भारतात पाठवण्याआधी त्याने त्या इथे लीड्सजवळ न्यूले येथे छोटा मार्ग टाकून लोकांना दाखवल्या होत्या. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची. म्हणजे बार्शी लाइटची चाचणी यॉर्कशरच्या चिखलात झाली.

आणि मग त्याने बार्शी इंग्लंडला परत आणली. स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे. गेज तेच अडीच फुटी, १९०४ मध्ये सुरू, वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, जेमतेम आठ मैल. इंजिनं दोनच, तीही किटसनची, त्यातल्या एकाचं नाव "ई. आर. कॅलथ्रॉप". पुढे वसाहतीतल्या गाड्यांना असतो तसला भलामोठा दिवा. डबे फिकट पिवळे, टोकाला उघडी गॅलरी. हिरव्यागार इंग्लिश खोऱ्यातून सोलापूर जिल्ह्यातली गाडी धावतेय असं दृश्य! फोटो दाखवला तर निम्मे लोक म्हणतात हा भारत आहे, उरलेले म्हणतात मॉडेल आहे.

खरी गंमत पुढे. वॉटरहाउसेसला मोठ्या गेजचा फाटा येऊन मिळायचा. माल उतरवून पुन्हा चढवायला नको म्हणून कॅलथ्रॉपने ट्रान्सपोर्टर वाघिणी केल्या. बुटकी, लांब, अडीच फुटी वाघीण, तिच्या पाठीवर रूळ, आणि त्या रुळांवर अख्खी मोठ्या गेजची वाघीण चढवून बांधलेली. रेल्वेवर रेल्वे. काही स्थानकांवर तर मोठ्या गेजच्या रुळांचे तुकडे होते, आजूबाजूला कशालाच न जोडलेले. ट्रान्सपोर्टर त्याच्या तोंडाशी आणायची, पाठीवरची वाघीण त्या तुकड्यावर ढकलून द्यायची.

शिवाय तिथली नदी. खडक चुनखडीचा, त्यामुळे उन्हाळ्यात हॅम्प्स नदीचं पाणी जमिनीखाली नाहीसं होतं आणि पूल कोरड्या पात्रावर उभे राहतात. सांधेवाल्यांची शाम्पूची अडचण सुटली.

एक्टनच्या डेअरीचं दूध हाच मुख्य धंदा होता. डेअरी बंद पडली, पाठोपाठ १९३४ मध्ये मार्गही. आता तिथे पायवाट आहे, स्वेन्सलीच्या बोगद्यातून मोटारी जातात. चालून आलोय, सुरेख आहे. कॅलथ्रॉप पुढे रेल्वे सोडून वैमानिकांसाठी पॅराशूट करायला लागला, "गार्डियन एंजल" नावाचं. पण तो वेगळा धागा.

मिसळ_एक्सप्रेस

हायला! बार्शी ते पॅराशूट. दंडवत.

ही वाघिणीवर वाघीण म्हणजे आपल्या कोकण रेल्वेची रोरोच की. १९९९ पासून कोलाड ते वेर्णे, मालाने भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर. ड्रायव्हर-क्लीनर ट्रकमध्येच बसून घाट टाळतात.

बोगदा क्र. २

कल्पना तीच. रोरो करणाऱ्यांनी एक बघा : खेळण्याच्या दुकानातले धातूचे ट्रक बहुधा १:६४ च्या आसपास असतात. १:८७ च्या वाघिणीवर ठेवले की पुलाखालून जात नाहीत. स्केल बघूनच घ्या.

ट्रान्सपोर्टर मात्र सोन्यासारखी आहे. खाली ९ मिमी, वर १६.५ मिमी, दोन्ही रूळ तयार मिळतात, वरची वाघीणही कुठलीही एचओची. आणि गेजच्या फरकाचं कारण पाहुण्याला समजावून सांगावंच लागत नाही, ते डोळ्यांसमोर एकावर एक उभं असतं. रूळवेडांची अट याहून चांगली कशी पुरी होणार?

सांधेवाला

पुरी होईल, आणि पहिल्याच वळणावर आडवीही होईल. एवढं वजन एवढ्या अरुंद पायावर. खऱ्या गाडीला गुरुत्वमध्य सांभाळायला तगडा इंजिनिअर होता, इथे रूळवेडा आहेत.

लीड्सवासी

इथले करणारे ट्रान्सपोर्टरच्या पोटात शिसं भरतात आणि वरची वाघीण शक्य तितकी हलकी ठेवतात, प्लास्टिकची, आतून पोकळ. वळण शक्य असेल तिथे मोठं. पण फळी दीड फुटांचीच असेल तर वळण घालूच नका. एका टोकाला वॉटरहाउसेससारखं बदलीचं स्थानक, दुसऱ्या टोकाला तो न जोडलेला तुकडा, मध्ये कोरडी नदी. गाडी नुसती जा-ये करेल.

घाटातला बँकर

म्हणजे शेवटी माझंच रिव्हर्सिंग. बरं बरं.

पटियाळेवाला

उशिरा आलो. कुणीच पटियाळ्याची मोनोरेल काढली नाही? १९०७, एक रूळ जमिनीत, गाडीचं बहुतेक वजन त्यावर, आणि तोल सांभाळायला बाजूला एक मोठं चाक जे चक्क रस्त्यावरून चालतं. रस्ता आधीच होता, त्याच्या कडेला एकच रूळ टाकला की झालं, स्वस्त काम. बहुतेक ठिकाणी ओढायला खेचरं. इंजिन दिल्लीच्या संग्रहालयात आजही चालू स्थितीत आहे. कुणी चालतं मॉडेल केलं असेल तर बघायला आवडेल. मी विचार केला आणि सोडून दिला.

रूळवेडा

सगळ्यांचे आभार. ठरलं. ट्रान्सपोर्टरच करतोय, पण इंग्लंडमध्ये नाही आणि बार्शीतही नाही. लीक अँड मॅनिफोल्डच करायची तर हिरवळ तशीच हवी आणि ती मी कधी बघितलेली नाही. बार्शीला ट्रान्सपोर्टर लावल्या तर कुर्डुवाडीकर घरी येऊन मारतील. म्हणून एक काल्पनिक फाटा : दख्खनमधलं एक पेठेचं गाव, ब्रॉडगेजपासून थोडं लांब, कॅलथ्रॉपच्या शिष्याने बांधलेला. कारण तेच, पेठ मोठी आणि पैसा कमी. नदी उन्हाळ्यात कोरडी, त्यासाठी तर चुनखडीचीही गरज नाही.

कुर्डुवाडीकर

मारणार नाही, पण कापसाच्या गासड्यांचा आकार विचारूनच करा. आणि मालधक्क्याला पत्र्याचं छप्पर हवं, कौलाचं नको.

बोगदा क्र. २

वर ब्रॉडगेजची वाघीण ठेवणार म्हणजे १९.३ मिमी हवेत, १६.५ नाही. आता तरी.

रूळवेडा

बोगदासाहेब, झोपा.

लीड्सवासी, शिसं नेमकं कुठे भरायचं, दोन बोगींच्या मध्ये की बोगींवर? ट्रान्सपोर्टरचा बाजूने काढलेला फोटो असेल तर टाका.